ताकद डब्यातली आणि दंडातली

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्त बँक अधिकारी बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, हा आता मुदत ठेवीचे व्याजदर सांगणार. घाबरू नका. आजचा विषय स्नायूंचा आहे. माझी तब्येत बघून मागच्या रांगेत हसू फुटलंय, ते मला दिसलं. वय 74, वजन 58 किलो, आणि हा माणूस बॉडी बनवण्यावर बोलणार! पण विषय मी उगाच निवडलेला नाही. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येतोय आणि त्यावर हात वर करण्याआधी आपण सगळ्यांनी थोडा विचार करावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ठराव तुम्हाला माहीतच आहे. तळमजल्यावरच्या मोकळ्या हॉलमध्ये जिम करायची. एका विक्रेत्याने प्रस्ताव दिलाय की मशीन तो फुकट बसवेल, ट्रेनरही त्याचाच असेल. बदल्यात हॉलमध्ये एक काचेचं कपाट ठेवायचं, त्यात ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशी सप्लिमेंट्स विकायची आणि प्रत्येक डब्यामागे संस्थेला काही टक्के कमिशन. जिमला माझा विरोध नाही. उलट 25 वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती असं माझं मत आहे. माझा प्रश्न त्या कपाटाबद्दल आहे.

मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. साधा बी.कॉम. पण 36 वर्षं मी कर्जाचे अर्ज वाचले. अर्जदार कितीही गोड बोलला तरी तीन गोष्टी पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय अंगात मुरलीय. माल खरोखर आहे का? त्यातून उत्पन्न किती निघेल? आणि बुडालं तर कोण भरणार? या डब्यांनाही मी तेच तीन प्रश्न विचारले. वाचत गेलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेलो, आणि जे पक्कं कळलं तेवढंच सांगतो.

आधी ‘नैसर्गिक’ या शब्दाचा हिशेब करू. आपल्या आज्यांना हा शब्द कोणी शिकवला नव्हता, पण बिब्बा कसा वापरायचा हे त्यांना ठाऊक होतं. बिब्बा झाडालाच लागतो, आणि चुकून अंगाला लागला तर कातडी सोलून काढतो. धोत्राही आपोआपच उगवतो. वनस्पती आहे म्हणजे सौम्य आहे, हे आपल्या परंपरेने कधीच मानलेलं नाही. म्हणून तर वैद्य मात्रा मोजून द्यायचे. अमेरिकेत एफेड्रा नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या वजन उतरवायला आणि व्यायामात जोर यायला म्हणून वर्षानुवर्षं दुकानात मिळत होत्या. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू अशा तक्रारी साचत गेल्या आणि शेवटी 2004 साली तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. वनस्पती नैसर्गिकच होती. तेव्हा ‘नैसर्गिक’ हे विशेषण तारण म्हणून धरता येत नाही.

आता कपाटातल्या मालाकडे वळू. ढोबळमानाने तीन जाती आहेत. प्रोटीन पावडर, क्रिएटिन आणि वनस्पतींचे अर्क.

प्रोटीन पावडरीत सगळ्यात जास्त खपतं ते व्हे प्रोटीन. हे काय असतं? घरी दूध फाडून पनीर केलं की खाली हिरवट पाणी उरतं, ज्यात आपल्या घरच्या भगिनी कणीक भिजवतात, त्या पाण्यातलं प्रोटीन. दुधातल्या एकूण प्रोटीनपैकी साधारण 20 टक्के या पाण्यात जातं, उरलेलं 80 टक्के पनीरमध्ये राहतं. परदेशात चीजच्या कारखान्यांतून हे पाणी पूर्वी सोडून द्यायचे किंवा डुकरांना पाजायचे. आता ते गाळून, वाळवून डब्यात भरतात. वस्तू चांगली आहे, पचायलाही चांगली आहे. व्हे म्हणजे विष, असं जे काही आजोबा-आजी नातवांना सांगतात ते खरं नाही. ते दूधच आहे. पण दूधच आहे, हेही लक्षात ठेवा. त्यात जादू नाही.

आता उत्पन्नाचा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेलं प्रमाण असं, की सर्वसाधारण प्रौढ माणसाला रोज दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. म्हाताऱ्या माणसांनी थोडं जास्त, 1 ते 1.2 ग्रॅम घ्यावं असं तज्ज्ञ म्हणतात. आणि जो खरोखर वजनं उचलतो त्याच्यासाठी, 49 अभ्यासांचा एकत्र हिशेब 2018 साली प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की साधारण 1.6 ग्रॅमच्या पुढे आणखी खाल्लं तरी स्नायूंमध्ये फारशी भर पडत नाही. पुढचं प्रोटीन म्हणजे चालू खात्यात पडून राहिलेले पैसे, व्याज शून्य.

मग 50 ग्रॅम घरात मिळतं का? माझी वही बघा. दोन कप दुधाचे 13 ग्रॅम, पाच पोळ्यांचे 15, वाटीभर घट्ट वरणाचे 7, वाटीभर उसळीचे 8, मूठभर शेंगदाण्यांचे 7, वाटीभर दह्याचे 5. झाले 55. दोन अंडी घातली तर 67. म्हणजे व्यवस्थित जेवणाऱ्या माणसाला डब्याची गरज पडत नाही. गरज पडते ती नीट न जेवणाऱ्याला. नीट न जेवणारे आपल्या संस्थेत कोण, माहीत आहे? सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दोन घास, रात्री मऊ खिचडी नाहीतर दूधभात, असं करणारे आम्ही ज्येष्ठ नागरिक. तरुण पोरं दोन-दोन डबे संपवतात, आणि ज्यांना प्रोटीन कमी पडतंय ते आम्ही बिस्किटं बुडवत बसतो!

सवय म्हणून किमतीचा तक्ताही काढला. आमच्या नेहमीच्या वाण्याकडच्या आणि डेअरीच्या भावाने एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं? सोया वडीतलं 30 पैशांना. शेंगदाण्यातलं 60 पैशांना. फुटाण्यांतलं 90 पैशांना. अंड्यातलं सव्वा रुपयाच्या आत. दुधातलं पावणेदोन-दोन रुपयांना. आणि तीन हजार रुपये किलोच्या डब्यातलं चार रुपयांना. डाळी-शेंगदाण्यांतलं प्रोटीन अंड्या-दुधाइतकं परिपूर्ण नसतं, हे खरं. पण डाळ आणि भात, पोळी आणि उसळ एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपलं साधं ताट हा फार जुना आणि फार शहाणा हिशेब आहे.

आता पहिला प्रश्न, जो मी मुद्दाम मागे ठेवला. डब्यावर लिहिलेला माल डब्यात खरोखर आहे का?

शाखेत सोनेतारण कर्ज देताना सराफ दागिना कसोटीवर घासून बघायचा, आणि वजनातून खडे आणि लाख वजा करायचा. खडे धरून वजन केलं तर बँक बुडालीच. प्रोटीनच्या बाबतीत नेमकी हीच गोम आहे. प्रोटीन मोजण्याची जी जुनी पद्धत आहे, 1883 सालची, ती प्रत्यक्ष प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. त्या आकड्याला 6.25 ने गुणलं की प्रोटीन आलं, असं समजायचं. लबाड माणसाला एवढी फट पुरते. महाग प्रोटीन कमी घालायचं आणि नायट्रोजन असलेलं स्वस्त काहीतरी मिसळायचं. चाचणीत आकडा फुगून येतो. लाखेसकट दागिना तोलला, दुसरं काय! चीनमध्ये 2008 साली लहान मुलांच्या दूध पावडरीत मेलामाइन मिसळलं गेलं, ते याच फटीतून. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली.

आपल्याकडे काय स्थिती आहे? 2024 साली एका वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या बाजारात मिळणाऱ्या 36 प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. जवळपास 70 टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत तर लिहिलं होतं त्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. सुमारे 14 टक्के नमुन्यांत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सापडलं, जे यकृताला घातक असतं. (हीच बुरशी ओल लागलेल्या शेंगदाण्यांवरही येते, तेव्हा काळे पडलेले, कडवट शेंगदाणे निवडून टाकायची आपली जुनी पद्धत सोडू नका.) आणि 8 टक्क्यांत कीटकनाशकाचे अंश मिळाले. छत्तीसच डबे होते, सगळा बाजार नव्हे, हे मान्य. पण माझ्या शाखेत 36 खात्यांपैकी 25 खात्यांचे कागद चुकीचे निघाले असते, तर हेड ऑफिसने दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला असता.

त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात स्पष्ट सांगितलंय की शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट्स घेणं टाळा. 

दुसरी जात क्रिएटिन. यात एक गंमत आहे. सगळ्या कपाटात ज्याच्या बाजूने सर्वात जास्त पुरावा आहे ते हेच. आपलं यकृत आणि मूत्रपिंड ते थोडंथोडं तयार करतात, मांस-मासळीतून थोडं मिळतं. रोज 3 ते 5 ग्रॅम घेतलं आणि सोबत वजनं उचलली तर थोड्या वेळाच्या जोराच्या कामात ताकद वाढते, हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. सुरुवातीला वजन वाढतं त्यात बराच भाग स्नायूंत साठलेल्या पाण्याचा असतो. निरोगी प्रौढ माणसाला ते सुरक्षित मानलं जातं. पण डब्यातलं क्रिएटिन कारखान्यात रसायनांपासून तयार होतं! म्हणजे बघा, ज्याचा उपयोग सिद्ध झालाय ते कारखान्यातलं, आणि ज्यावर झाडाचं चित्र आहे त्याचा पुरावा लंगडा. एक सूचना मात्र लिहून घ्या. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसू शकतो, मूत्रपिंड ठणठणीत असलं तरी. तेव्हा रक्त तपासायला जाताना डॉक्टरांना सांगा, नाहीतर घरात विनाकारण घबराट. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहेच, त्यांनी या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. प्रोटीन पावडरीलाही हाच नियम.

तिसरी जात आपल्या सगळ्यांच्या भावनेची. अश्वगंधा, गोखरू, सफेद मुसळी, खाजकुयली, शिलाजित. यावर बोललं की लोकांना वाटतं हा आयुर्वेदाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. माझा मुद्दा एवढाच की वैद्याने नाडी बघून, ऋतू आणि प्रकृती बघून, ठरावीक दिवसांसाठी दिलेलं औषध वेगळं, आणि ट्रेनरने ‘काका, चालू करा’ म्हणून विकलेला तीव्र अर्क वेगळा.

एकेकाचा जमाखर्च सांगतो. अश्वगंधेची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे. 2015 साली आपल्याच देशातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 57 पुरुष, आठ आठवडे व्यायाम, निम्म्यांना 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, निम्म्यांना नुसतीच खोटी गोळी. अर्क घेणाऱ्यांची ताकद जास्त वाढली. चांगली गोष्ट आहे. पण माणसं 57, मुदत दोन महिने, आणि लक्षात घ्या, दोन्ही गट व्यायाम करत होते. खोटी गोळी घेणाऱ्यांचीही ताकद वाढलीच. दुसऱ्या बाजूला, अश्वगंधा घेणाऱ्यांपैकी काहींना कावीळ झाल्याच्या, यकृत बिघडल्याच्या नोंदी आइसलंड, अमेरिका आणि भारतातूनही वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. बहुतेक जण बंद केल्यावर बरे झाले. हे क्वचित होतं, पण होतं. थायरॉइडच्या आकड्यांवरही तिचा परिणाम होऊ शकतो. गरोदर बायकांनी तर घेऊच नये. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. मी बंदीच्या बाजूचा नाही. पण ज्या वस्तूवर एखादा देश बंदी घालतो, ती फुटाण्यासारखी खायची नसते.

गोखरू म्हणजे आपला काटेरी सराटा. पुरुषी संप्रेरक वाढवतो असा त्याचा जगभर बोलबाला आहे. ऑस्ट्रेलियात रग्बी खेळाडूंवर पाच आठवडे प्रयोग केला, 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. ताकदीत फरक नाही. संप्रेरकातही नाही. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा नावाचं द्रव्य असतं, जे कंपवाताच्या रोग्यांना औषध म्हणून देतात. म्हणजे ते औषधच आहे, आणि औषध म्हटलं की दुसऱ्या औषधांशी त्याचं भांडण होऊ शकतं. शिलाजित कच्चं, न शोधलेलं असेल तर त्यात जड धातू राहण्याचा धोका.

सफेद मुसळीबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो, बँकेतला. एका तालुक्याच्या गावी असताना मुसळीच्या लागवडीसाठी कर्जाचे अर्ज यायला लागले. एकरी उत्पन्नाचे आकडे बघून डोळे फिरायचे. मी प्रत्येकाला विचारायचो, हा माल शेवटी विकत कोण घेणार? उत्तर यायचं, ‘साहेब, पुढच्या वर्षी लागवड करणारे कंद घेतील ना!’ म्हणजे नफा कंद विकणाऱ्याचा, आणि औषधाला खरी मागणी किती हे कोणालाच ठाऊक नाही. ते अर्ज मी पुढे पाठवले नाहीत. आज जिमच्या कपाटाकडे बघताना तेच अर्ज आठवतात. ताकद कोणाला येते ते नक्की नाही, पैसा कोणाला येतो ते नक्की आहे.

आता सगळ्यात गंभीर भाग, आणि इथे मागच्या रांगेने कान द्यावा. काही डब्यांत जे लिहिलेलं नसतं तेच काम करतं. 2000 नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने 13 देशांतून 634 सप्लिमेंट्स विकत घेऊन तपासली. एकाच्याही वेष्टनावर संप्रेरकाचा उल्लेख नव्हता. तरी 94 मध्ये, म्हणजे जवळपास 15 टक्क्यांत, स्टेरॉइड जातीची संप्रेरकं सापडली. तेव्हा एखाद्या ‘नैसर्गिक’ पावडरीने तीन आठवड्यांत दंड टरारून फुगले, तर आनंदाने उड्या मारू नका. इतक्या लवकर ताकद येणं हाच संशयाचा मुद्दा आहे. वाढत्या वयाच्या मुलाच्या पोटात ही संप्रेरकं गेली तर हाडांची वाढ आधीच थांबून उंची खुंटू शकते. मोठ्यांत हृदय, यकृत, रक्तदाब आणि पुढे मूल होण्याची क्षमता, या सगळ्यावर घाला येतो. आणि जो मुलगा स्पर्धेत खेळतो त्याच्या नमुन्यात हे सापडलं, तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. जबाबदारी खेळाडूचीच.

माझ्या नात्यातला एक 42 वर्षांचा गृहस्थ. नाव सांगत नाही, डब्याचं नावही सांगत नाही. पोट सुटलं म्हणून जिम लावली. तिथे एकदम तीन वस्तू दिल्या. दोन वनस्पतींचे अर्क, एक पावडर. दोन महिन्यांनी अंगाला खाज सुटली, मग लघवी पिवळी, मग डोळे. बिलिरुबिन 14. डॉक्टरांनी विचारलं, दारू? नाही. काही औषधं? नाही. दोनदा विचारलं, दोनदा नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ती औषधं नव्हतीच, नैसर्गिक होती ना! तिसऱ्या दिवशी त्याची बायको स्वयंपाकघरातल्या फडताळातून ते तिन्ही डबे पिशवीत घालून घेऊन आली, तेव्हा उलगडा झाला. डबे बंद केले आणि बरं व्हायला तीन महिने लागले. तिन्हींपैकी नेमकं कशाने झालं, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. माझी आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. डॉक्टरांनी ‘काय घेता?’ विचारलं की अर्क, चूर्ण, पावडर, काढा सगळं सांगायचं. आमच्या वयाच्या लोकांनी तर नक्कीच, कारण आमच्या डबीत रक्तदाब, साखर, थायरॉइड, रक्त पातळ करण्याची गोळी असं आधीच संमेलन भरलेलं असतं.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, काका, मग स्नायू कमवायचेच नाहीत का? उलट! कमवायचेच. आणि सगळ्यात जास्त गरज आम्हाला आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी कमी होतात, साठीनंतर त्याहून वेगाने. खाली पाटावर बसलेला माणूस हात टेकल्याशिवाय उठत नाही, जिन्यात कठडा सोडवत नाही, बाथरूममध्ये तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. आपल्या चारही विंगमध्ये अशी घरं आहेत. मी नावं घेत नाही, तुम्हाला माहीत आहेत.

अमेरिकेत बॉस्टनला वृद्धाश्रमातल्या दहा जणांवर एक प्रयोग झाला, 1990 साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय 90! त्यांच्याकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, देखरेखीखाली. मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मग त्याच मंडळींनी 1994 मध्ये मोठा अभ्यास दिला. 72 ते 98 वयाची 100 माणसं, चार गट. एकाला व्यायाम, एकाला पोषक पेय, एकाला दोन्ही, एकाला यातलं काहीच नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. आणि नुसतं पेय पिणाऱ्यांची? फरक नाही. हा ताळेबंद मी तीनदा वाचला. त्यातल्या सगळ्या नोंदी एकाच बाजूला जातात.

आपल्या कोल्हापूरच्या तालमीत हे कोणाला सांगावं लागत नाही. तिथे खुराक असतो, दूध असतं, बदामाची थंडाई असते. पण आधी जोर-बैठका, लाल मातीतली लढत, आणि मग खुराक. मेहनतीशिवाय खुराक घेणाऱ्याला पैलवान म्हणत नाहीत, खादाड म्हणतात. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणलं, तेव्हा हे काचेचं कपाट कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

म्हणून सभेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, जिम जरूर करावी, पण संस्थेच्या जागेत कोणत्याही पावडरीची, गोळीची विक्री होऊ नये. ज्याचा पगार डबे विकून निघतो, तो ट्रेनर ‘तुला याची गरज नाही’ असं कधी म्हणणार? कर्ज मंजूर करणाऱ्याने कर्जदाराकडून कमिशन घ्यायचं नसतं, हे साधं तत्त्व आहे. शिवाय उद्या एखाद्या घरातल्या मुलाला त्रास झाला, तर कमिशन घेणारी संस्था म्हणून बोट आपल्याकडे येईल. दुसरी सूचना, ट्रेनर संस्थेने स्वतः नेमावा. आपली 96 घरं. दर घरामागे महिना दीडशे रुपये धरले तर 14,400 रुपये होतात. सकाळ-संध्याकाळ अर्धवेळ माणूस त्यात मिळू शकतो. मशीन हप्त्याहप्त्याने घेऊ. चार डंबेल आणि एक भक्कम बाक एवढ्यावरही सुरुवात होते. तिसरी सूचना, सकाळी दहा ते अकरा हा तास ज्येष्ठांसाठी राखून ठेवावा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याची बाटली हातात घेऊन दंड. गुडघ्याचं, हृदयाचं दुखणं असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांची थोडक्यात उत्तरं देतो.

‘माझा मुलगा ऐकत नाही, पावडर घेतोच. काय करू?’ भांडू नका. एका वेळी एकच वस्तू घ्यायला सांगा, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळेल. मिश्रणं टाळा. रस्त्यावरच्या सुट्या मालापेक्षा बिल देणारं दुकान बरं. आणि अठराच्या आतला असेल तर त्याला भूक लागेल एवढं जेवण आणि झोप द्या, तेच त्याचं सप्लिमेंट.

‘डब्यावर सरकारी परवान्याचा नंबर आहे, मग भीती कशाला?’ अन्नपदार्थांवर 14 आकडी परवाना क्रमांक असतो, तो असायलाच हवा, नसेल तर हात लावू नका. पण परवाना कारखान्याला असतो. प्रत्येक डबा कोणी उघडून बघितलाय, असा त्याचा अर्थ नाही. खातं उघडताना आधार कार्ड दिलं म्हणून माणूस कर्ज फेडेलच, असं असतं का?

‘मधुमेह आहे, मेथीची पावडर व्यायामासाठी सुचवलीय.’ मेथी साखर उतरवते. गोळ्याही उतरवतात. दोन्ही मिळून जास्त उतरली तर चक्कर येऊन पडाल. डॉक्टरांना विचारा आणि तोवर मेथीची भाजी खा.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट सुरू व्हायची होती. सामान घेऊन चौथ्या मजल्यावर चढलो होतो सगळे, आठवतंय? तेव्हाच्या आपल्या पायांत जी ताकद होती ती कोणत्याही डब्यातून आलेली नव्हती. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी आपल्या मुलांना ती ताकद मिळो, आम्हा ज्येष्ठांची निदान जिना उतरण्याइतकी टिको, आणि सर्वसाधारण सभेत ठरावावर हात वर करण्याइतकी सर्वांच्या दंडांत राहो, एवढीच सदिच्छा.  बाहेर फुटाणे आणि शेंगदाण्याचे लाडू ठेवले आहेत, संपवूनच घरी जा.